साखरपुड्याची अंगठी आणि कांद्याची पट्टी

लासलगावच्या आपल्या शाखेतील एक तरुण कार्यकर्ता परवा माझ्याकडे येऊन गेला. घरची शेती तीन एकर, त्यातील निम्मी उन्हाळ कांद्याखाली. बैठकीत मुद्देसूद बोलणारा हा मुलगा त्या दिवशी मात्र बराच वेळ इकडचे तिकडचे बोलत राहिला. अखेरीस म्हणाला, “सर, साखरपुडा ठरलाय. हिऱ्याची अंगठी घ्यायचीय. माझ्याकडं चाळीस हजार आहेत. नाशिकला एका पेढीवर गेलो, तर त्यांनी पहिलीच अंगठी काढली ती सव्वा लाखाची. शाखेत कुणाला विचारायची लाज वाटते. तुम्ही अर्थशास्त्र शिकवलंय, म्हणून आलो.”

त्याला मी त्या दिवशी जे सांगितले ते थोडे विस्ताराने येथे मांडत आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यकर्त्यांच्या घरीही साखरपुडा हा लग्नाइतकाच खर्चिक सोहळा होऊन बसला आहे आणि त्याच्या केंद्रस्थानी अंगठी आली आहे. पक्षाच्या साप्ताहिकात हिऱ्याच्या अंगठीची चर्चा काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या प्रश्नापायी घरात कर्ज शिरते तो प्रश्न चळवळीला अप्रस्तुत असू शकत नाही.

अशा वेळी आपल्यात दोन उत्तरे तयार असतात. पहिले जुन्या पिढीचे : समाजवाद्याच्या घरी हिरा कशाला? खादीचा हार घालावा, नोंदणी करावी, चहा द्यावा. दुसरे नव्या पिढीचे : हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे, पक्षाने त्यात पडू नये. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. सत्यशोधक समाजाने १८७३ साली विवाहविधी साधा केला, पुढे सेवादलाच्या पिढीने तीच वाट धरली, ती आनंदाचा द्वेष म्हणून नव्हे. भटभिक्षुकी, हुंडा आणि सावकार या तिघांच्या तावडीतून गरिबाचे लग्न सोडवणे हा त्यामागचा हेतू होता. साधेपणा हे साधन होते, साध्य नव्हते. आणि दुसऱ्या उत्तराविषयी एवढेच म्हणेन की, ज्या ‘खाजगी’ इच्छेची किंमत जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मक्तेदारी ठरवते, ती इच्छा निव्वळ खाजगी राहत नाही.

हिरा महाग का, हा प्रश्न अर्थशास्त्राइतकाच जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली विचारले की, ज्याच्यावाचून जीव जातो ते पाणी स्वस्त आणि ज्याच्यावाचून काहीच अडत नाही तो हिरा महाग, हे कसे? १८७० च्या दशकात सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताने त्याचे उत्तर दिले : जी वस्तू दुर्मिळ, तिच्या शेवटच्या नगाला किंमत अधिक. वर्गात मी हे उत्तर वर्षानुवर्षे शिकवले. परंतु त्यात एक प्रश्न झाकला जातो, तो म्हणजे ही दुर्मिळता निसर्गाची की माणसाने घडवलेली?

१८७० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे हिऱ्यांच्या प्रचंड खाणी सापडल्या. तोवर मूठभर निघणारा हिरा टोपल्यांनी निघू लागला. भाव कोसळणार हे उघड होते. तेव्हा सेसिल ऱ्होड्सने १८८८ साली खाणी एकत्र करून डी बीअर्स कंपनी उभी केली. विसाव्या शतकात या कंपनीने जगातील कच्च्या हिऱ्यांचा फार मोठा हिस्सा आपल्या एकाच विक्रीयंत्रणेतून नेला. मागणी घटली की माल तिजोरीत ठेवायचा, मागणी वाढली की मोजून बाहेर काढायचा. १९३० च्या दशकातील मंदीत तर खाणीच बंद ठेवल्या गेल्या. पुरवठा रोखून भाव राखण्याचे हे धोरण कंपनीने २००० साली सोडले, पण तोवर हिरा म्हणजे दुर्मिळ ही समजूत जगभर रुजून गेली होती.

आता ही गोष्ट लासलगावच्या बाजार समितीच्या आवारात उभे राहून पाहा. ही बाजार समिती १९४७ ची. कांद्याच्या देशातील भावाची नाडी येथे पाहिली जाते. येथे माल आणणारे हजारो, घेणारे मोजके. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात निघतो आणि चाळीत भरला जातो, पण चाळीत वजन घटते, काही सडतो, काहीला कोंब फुटतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला विकिरण प्रकल्प उभारला तो कोंब रोखून कांद्याला थांबण्याची ताकद द्यावी म्हणूनच. तरीही बहुतेक शेतकऱ्याला आजवर थांबता आलेले नाही, कारण कांदा थांबला तरी सोसायटीचा हप्ता थांबत नाही. आणि भाव थोडा चढला की सरकार मध्ये पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती अटींसह उठली आणि उरलेले शुल्क एप्रिल २०२५ मध्ये गेले. २०१८ च्या अखेरीस निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांदा विकून हाती आलेले १,०६४ रुपये मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवले होते, हे वाचकांना आठवत असेल.

म्हणजे कांदा स्वस्त आहे तो त्याची गरज कमी म्हणून नव्हे आणि हिरा महाग आहे तो त्यात काही दैवी गुण आहे म्हणून नव्हे. ज्याला थांबता येते तो भाव ठरवतो. ज्याला थांबता येत नाही तो भाव स्वीकारतो. डॉ. लोहियांच्या ‘दाम बांधो’ या मागणीचे मर्म हेच होते की, शेतमालाच्या आणि कारखानी मालाच्या किमतींचे नाते न्यायाने बांधले पाहिजे. अंगठी घेणारा आपला कार्यकर्ता या दोन्ही बाजारांत एकाच वेळी उभा असतो. एकात तो न थांबणारा विक्रेता असतो, दुसऱ्यात डोळे दिपलेला ग्राहक.

डोळे दिपवण्याचे कामही योजनापूर्वक झाले. अमेरिकेत १९४७ साली एका जाहिरात संस्थेने डी बीअर्ससाठी हिरा आणि चिरंतनत्व यांची सांगड घालणारी घोषणा तयार केली. तिचा आर्थिक अर्थ लक्षात घ्यावा : जे चिरंतन ते विकायचे नसते आणि लोकांनी जुने हिरे विकायला काढले नाहीत तरच नव्या हिऱ्यांचा भाव टिकतो. पुढे १९८० च्या दशकात दोन महिन्यांचा पगार अंगठीवर खर्च करावा असे माप जाहिरातींनी घालून दिले. जपानात तर ही चाल नव्हतीच. १९६७ साली तेथे वाङ्निश्चयात हिऱ्याची अंगठी मिळणाऱ्या मुली शंभरात पाचसुद्धा नव्हत्या. त्या वर्षी जाहिरात मोहीम सुरू झाली आणि १९८१ पर्यंत हे प्रमाण साठाच्या आसपास गेले. चौदा वर्षांत एक ‘परंपरा’ तयार झाली.

आपल्याकडेही हेच चालू आहे. आपला साखरपुडा नावाप्रमाणे साखरेच्या पुड्याचा. मुलीला साडी, ओटीत खण-नारळ, चार वडीलधाऱ्यांसमोर शब्द. अंगठी आली ती नंतर, आणि हिरा आला तो त्याहूनही नंतर. हिरा या भूमीला परका नव्हे. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा मुख्यत्वे भारतातूनच जात होता. पण तो देवाचा आणि राजाचा. आपल्याच जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानातला प्रसिद्ध हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ साली, इंग्रजांच्या हाती पडला, लंडनला गेला आणि १८३७ साली तेथील लिलावात एका उमरावाने तो ७,२०० पौंडांना घेतला. आजही जग त्याला नाशिकच्या नावाने ओळखते. कुणब्याच्या घरात मात्र हिरा कधी नव्हता. तेथे सोन्याचे चार मणी होते आणि चांदीचे जोडवे होते. तेव्हा हिऱ्याची अंगठी म्हणजे रीतच आहे असे कुणी सांगू लागले तर ती रीत कुणाची आणि कधीची, हे आधी विचारावे.

या चकाकीमागचे श्रमही आपण विसरता कामा नये. जगातील दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना पैलू भारतात पडतात आणि त्यातले बहुतेक सुरतेत. तेथील कामगाराला रत्नकलाकार म्हणतात, पण मजुरी बहुधा नगावर मिळते आणि मंदी आली की पहिला घाव त्याच्यावरच पडतो. २००८ च्या जागतिक मंदीत हजारो कारागीर सौराष्ट्रातील आपापल्या गावी परतले. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका मोठ्या कंपनीने सुमारे ५० हजार कामगारांना दहा दिवसांची सुट्टी दिली, कारण माल उठत नव्हता. आफ्रिकेतील यादवी युद्धांना हिऱ्यांचा पैसा पुरवला गेला म्हणून २००३ पासून कच्च्या हिऱ्यांच्या व्यापारासाठी किंबर्ली प्रमाणपत्राची व्यवस्था आली. पण ती बंडखोरांच्या पैशाविषयी आहे, खाणकामगाराच्या किंवा पैलू पाडणाऱ्याच्या मजुरीविषयी नाही.

आता नव्या घडामोडीकडे येऊ, कारण मर्यादित पैशात हिरा घेणाऱ्याला तीच सर्वांत महत्त्वाची आहे. मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्याच प्रकरणात, १८६७ साली, हिरा थोड्या श्रमात बनवता आला तर त्याचे मूल्य मातीमोल होईल अशा आशयाचा विचार मांडला होता. १९५४ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत हिरा तयार झाला आणि आज सुरतेत यंत्रांच्या भट्ट्यांतून दागिन्यांच्या दर्जाचे हिरे निघतात. हा नकली खडा नव्हे. तोही कार्बनचा स्फटिकच, कठीणपणा तोच, चकाकी तीच. नुसत्या डोळ्यांनी सराफालाही फरक कळत नाही. डी बीअर्सने स्वतः २०१८ साली असे हिरे कॅरटला ८०० डॉलर या दराने विकायला काढले, २०२४ साली बराचसा माल ५०० डॉलरवर आणला आणि २०२५ साली ते दुकान बंद करण्याचे जाहीर केले. दीडशे वर्षांपूर्वीचे ते अनुमान आपल्या डोळ्यांसमोर खरे होत आहे.

यावरून खरेदीदाराने काय घ्यावे? त्या कार्यकर्त्याला मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. शुद्ध सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा २०२५ साली ओलांडला. गणित सोपे व्हावे म्हणून तोच भाव धरू, प्रत्यक्षात त्या दिवशीचा घालावा. अडीच ग्रॅमच्या अठरा कॅरट अंगठीत शुद्ध सोने १.८७५ ग्रॅम, म्हणजे १८,७५० रुपये. चाळीस हजारांत ३ टक्के कराचे सुमारे १,१६५ रुपये. उरलेले वीस हजार खड्याचे आणि घडणावळीचे. उद्या अडचण आली आणि अंगठी मोडायची वेळ आली तर सोन्याचे पैसे थोडी घट जाऊन येतील; कराचे आणि घडणावळीचे येणार नाहीत; खड्याचे किती येतील ते समोरच्याच्या मर्जीवर. हिरा नैसर्गिक असला तरी मोडीत मोठा तोटा सोसावा लागतो आणि प्रयोगशाळेतला असला तर जवळपास काहीच मिळत नाही. म्हणून पहिला नियम : हिरा हौस म्हणून घ्यावा, ठेव म्हणून कधीही घेऊ नये. “ताई, ही गुंतवणूक आहे” असे कुणी म्हणाले की एवढेच विचारावे, “आज घेऊन उद्या परत आणली तर किती द्याल? तेवढे पावतीवर लिहून द्या.” या एका प्रश्नाने बरीच चकाकी उतरते.

दुसरा नियम : माप पगाराचे नव्हे, आपल्या पट्टीचे लावावे. क्विंटलमागे खर्च वजा जाता तीनशे रुपये सुटले असे धरले तरी चाळीस हजार म्हणजे १३३ क्विंटल कांदा, एका चांगल्या एकराचे पीक. एवढे एका बोटात घालायचे की नाही हे दोघांनी मिळून ठरवावे. मात्र ते हाती असलेल्या शिलकीतूनच. व्यापाऱ्याकडून पुढच्या पिकावर उचल घेऊन, पतपेढीचे कर्ज काढून किंवा दुकानाचे महिनेवारी हप्ते बांधून अंगठी घेणे म्हणजे संसाराची सुरुवातच देण्याने करणे होय.

तिसरा नियम खड्याविषयी. मोठा दिसणारा हिरा हवा असेल तर प्रयोगशाळेतला घ्यावा आणि तो तसाच आहे हे पावतीवर लिहून घ्यावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही. खाणीतलाच हवा असेल तर लहान घ्यावा. दहा-वीस सेंटच्या खड्यात रंगाच्या आणि स्वच्छतेच्या वरच्या प्रती नुसत्या डोळ्यांना वेगळ्या दिसत नाहीत, त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. चमक येते ती पैलूंच्या कामातून, ते नीट पाहावे. अर्धा कॅरट, एक कॅरट अशा पुऱ्या वजनांना भाव एकदम उडी घेतो, म्हणून त्याच्या किंचित खालचे वजन स्वस्त पडते. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून जो खडा मिळतो तो हिराच नव्हे, हे ध्यानात ठेवावे. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, खड्याचे वजन सोन्याच्या भावात धरले जात नाही ना, हे पाहण्यासाठी पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी मागावी. सोन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक असलाच पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून तो बंधनकारक आहे. आणि जी बाई खुरपणी करते, भाकरी थापते, फळ्यावर लिहिते तिच्या अंगठीतला खडा उंच काट्यांवर नसावा, सोन्याच्या कडीत बसका बसवलेला असावा. खडा लाभेल की नाही हे ज्योतिषाला विचारण्याचे कारण नाही. तो परवडेल की नाही एवढे वहीला विचारावे.

चौथी गोष्ट नियमाहून अधिक महत्त्वाची. मुलाची अंगठी मुलीच्या बापाने करायची, अशी रीत अनेक घरांत गुपचूप पडली आहे. मागून घेतलेली अंगठी हा हुंडाच. १९६१ च्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि आपल्या कार्यकर्त्याला तो दुहेरी गुन्हा आहे. या मुलाने सासऱ्यांना स्पष्ट नकार कळवला होता, हे ऐकून बरे वाटले.

पुढच्या रविवारी तो आपल्या होणाऱ्या पत्नीला घेऊन आला. ती निफाडकडच्या एका शाळेत शिकवते. मी तिलाच विचारले की, हिराच का हवा? ती म्हणाली, “सर, आईच्या पाटल्या माझ्या शिक्षणाला मोडल्या, काकूचं डोरलं विहिरीला गेलं. घरात बाईचं म्हणून काही राहत नाही. हिरा कुणी मोडायला नेणार नाही, म्हणून तो माझाच राहील असं वाटलं.”

मी निरुत्तर झालो. ज्या गोष्टीला मी तोटा म्हणत होतो तीच तिला आधार वाटत होती. तिची इच्छा जाहिरातीने घडवलेली आहे असे समजून बोलणाऱ्या माझ्यासारख्याला ही चपराक होती. तरीही तिला मी एवढे सांगितले की, मोडता येत नाही म्हणून टिकणारी वस्तू अडीअडचणीला तुझ्याही उपयोगाची नाही. दवाखान्याच्या दारात मध्यरात्री तारण ठेवता येते ते सोने. हिऱ्याला तेथे कुणी विचारत नाही. बाईचे म्हणून काही राहावे असे वाटत असेल तर ते दागिन्याच्या धातूवर अवलंबून नाही, मालकीच्या कागदावर अवलंबून आहे.

येथून जवळच चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले होते. शरद जोशींच्या बाजारविषयक भूमिकेशी आपले मतभेद होते आणि आहेत. पण पुढे त्यांच्या संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून नवऱ्यांना स्वतःच्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करायला लावले, हे काम समाजवाद्यांनीही मान तुकवावी असे होते. साखरपुड्याला शब्द द्यायचा असेल तर हा द्यावा. तीन एकरांपैकी काही गुंठे का होईना, लग्नानंतर तिचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर लागेल. तो शब्द ऐकायला चार वडीलधारे बसलेले असतातच.

अंगठी त्यांनी अजून घेतलेली नाही. बारीक सोन्याची, बसक्या खड्याची घ्यावी असे दोघांचे चालले आहे. खडा कोणता हे ती ठरवील. सातबाराच्या मुद्द्यावर मुलाने वडिलांशी बोलतो म्हटले आहे आणि ते बोलणे अंगठीच्या खरेदीहून कठीण जाणार, हे त्याला ठाऊक आहे.

मला शाखेतील कार्यकर्त्यांपुढे दोन गोष्टी ठेवायच्या आहेत. साखरपुड्यासाठी कर्ज काढणार नाही आणि मुलीकडून अंगठी घेणार नाही, असे आपण आपसात तरी ठरवावे. आणि ठरवताना मुलींना बैठकीत बोलवावे, कारण आजवर त्यांच्या वतीने आपणच बोलत आलो आहोत. दुसरे, कांद्याला उत्पादन खर्चावर आधारित भाव आणि निर्यातधोरणात स्थैर्य, तसेच सुरतेच्या पैलू कामगाराला नेमणूकपत्र आणि भविष्यनिर्वाह निधी, या दोन मागण्या आपल्या एकाच ठरावात याव्यात. निफाडचा शेतकरी आणि सुरतेचा कारागीर यांची अजून गाठ पडलेली नाही, पण त्या लहानशा अंगठीत दोघांचेही श्रम आहेत.